राखीव आवाज

"अंगावर शिवू नये म्हणतात आमच्याकडे," सरला सुईत दोरा ओवत म्हणाली.

"आमच्याकडेही," विएरा म्हणाली. "शिव तू. आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय?"

सरलाने पहिला टाका घातला. न्यूयॉर्कच्या त्या ऑपेरा हाउसमध्ये ती कपडेपट सांभाळायची. नायिकेचा झगा विएराला खांद्यात सैल होत होता, आणि शनिवारचा दुपारचा प्रयोग तासाभरावर आला होता. मुख्य गायिकेचा घसा सकाळी बसला होता.

विएरा तिची बदली गायिका. हंगामामागून हंगाम तिने मोठमोठ्या भूमिका पाठ करून ठेवल्या होत्या. प्रयोगाच्या दिवशी थिएटरजवळ राहायचं, फोनपाशी बसायचं, आवाज जपायचा. कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात, ब्रातिस्लाव्हाला, एके काळी लोक तिच्या नावावर तिकिटं काढत. मग एका परदेश दौऱ्यावरून ती परतलीच नाही. तिथल्या रेडिओने तिच्या टेप पुसल्या, कोर्टाने तिच्या गैरहजेरीत शिक्षा ठोठावली. परत जाणं म्हणजे तुरुंग. आणि इथे तिला रंगमंचावर अजून कोणी पाहिलं नव्हतं.

आज सकाळी तिला दोन फोन आले. पहिला मायदेशातून, कोशित्सेहून, धाकट्या बहिणीचा. आई गेली. लाइन मध्येच तुटली. दुसरा थिएटरचा. आज तू गायचंस.

विएरा रडली नाही. रडलं की घसा सुजतो, वरचे सूर फाटतात. तिने वाफ घेतली, हळू आवाजात गळा तापवला आणि ती निघाली.

"आईला कळायला हवं होतं गं," सरला म्हणाली. "लेक आज मेन रोल करतेय."

"दर पत्रात विचारायची, कधी गाणार म्हणून."

"मग काय लिहायचीस?"

"लवकरच."

दारावर टकटक झाली. स्टेज मॅनेजर डग्लस होता. तो आत आलाच नाही.

"विएरा, ती आलीये. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय. गाते म्हणते." तो जमिनीकडे बघत होता. "सॉरी. तू शेवटपर्यंत थांब, काही लागलंच तर. आणि झगा... तो लगेच हवाय."

सरलाने टाके उसवले. विएराने हात वर केले आणि झगा निघून गेला.

पुढचे तीन तास ती खोलीतल्या स्पीकरखाली बसून होती. वरच्या प्रत्येक सुराआधी तिचा श्वास आपोआप भरून यायचा, आणि सूर दुसरीच लावायची. एकही चुकला नाही. शेवटी टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. सरलाने उठून स्पीकर बंद केला, दार लावलं आणि तिच्याशेजारी येऊन बसली.

"संपलं. आता गायचं नाहीये तुला. आता रडून घे. मी आहे."

विएराने नकारार्थी मान हलवली.

"मंगळवारी पुन्हा प्रयोग आहे. इंजेक्शनवर किती दिवस गाईल? पुन्हा बसेल तिचा घसा."

"अगं, पण आई गेलीये तुझी."

"आईला थांबावं लागेल," विएरा म्हणाली. "वडिलांसाठी रडायचंच अजून राहिलंय."