मॉन्तेरेला होतो तेव्हा

“तिकिटं नॉन-रिफंडेबल आहेत, आई. आता कॅन्सल-बिन्सल काही नाही,” ईशाननं फोन टेबलावर ठेवला.

शुभा पोह्यांवर खोबरं भुरभुरत राहिली.

सहस्रचंद्रदर्शनाला पूजा नको, बाबांना त्यांची मेट्रो दाखवायची, असं ईशाननं ठरवलं होतं. मेक्सिकोतल्या मॉन्तेरेत आता नव्या मार्गाचे खांब उभे राहत होते. जुन्या मार्गाच्या आखणीत उल्हासांचा हात होता.

“अरे, यांचे गुडघे बघ.”

“स्टेशनवर लिफ्ट आहेत.”

“आणि तिथलं पाणी?”

“कम ऑन, आई! तीन वर्षं राहिलात ना तिथे?”

उल्हास खुशीत आले. “मॉन्तेरेला होतो तेव्हा हिला काही बाधलं नाही. पूर्वेकडे एक वळण आहे बघ. गाडी वळली, की खिडकीत एकदम खोगिरासारखा डोंगर! आणि जिन्याखाली भाजलेली कणसं, लिंबू-तिखट लावून. तुझी आई दोन-दोन खायची.”

“एकच,” शुभा म्हणाली.

ईशान खळखळून हसला. लहानपणी हे ऐकल्याशिवाय तो झोपायचा नाही. आता त्याची लेक अनयाही झोपत नव्हती.

शुभाला त्या वर्षांतलं भलतंच आठवत होतं. दोन खोल्यांचं अपार्टमेंट. जेवणाच्या टेबलावर पसरलेले नकाशे, कोपरे उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेल्या वाट्या. ग्रीन कार्ड अडकलेलं. नाशिकला आई वारली, तेव्हाही वकिलानं देशाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. रात्री वरणभात खाता खाता उल्हास एकेका स्टेशनाचं वर्णन करायचे आणि तिचं रडू थांबायचं.

चार्जर आणायला ईशान बाहेर गाडीकडे गेला. शॉमबर्गचा गार वारा दारातून आत आला.

“अहो, नाही म्हणा त्याला,” शुभा घाईनं पुटपुटली. “पाठ धरलीय म्हणा. एकदा तिथे गेलो, की तो तुमच्याकडे पुन्हा असा बघायचा नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

उल्हासनी दाराकडे पाहिलं. ईशान शीळ घालत परत येत होता.

“पोराला काय वाटायचं ते वाटू दे, शुभा. सगळी लाइन इथे बसून कागदावर काढली. मेक्सिकोत एकदा तरी पाऊल टाकू दे मला.”