दुसरं तिकीट

लग्नाला सात वर्षं झाली, पाळणा हलला नाही. एवढ्या काळात सुकदेवानं बायकोला मेहरूणच्या तळ्यावरसुद्धा कधी नेलं नव्हतं, आणि आता म्हणे दोघं बोटीनं भूमध्य समुद्रात फिरणार! वच्छलाबाईंना लेकाची ही नवी माया पचत नव्हती. बोटींची चित्रं पसरून तो शेवंताला विचारत होता, "कोणती आवडली?" तिनं बँड वाजतो ती मोठी बोट दाखवली. त्यानं सगळ्यात लहान निवडली. म्हणाला, "हिच्यावर माणसं थोडी असतात."

आठ दिवस शेवंता चुलीपाशी गुणगुणत होती.

नवव्या दिवशी सुकदेव केळीच्या मळ्यात असताना जामनेरहून लग्न जुळवणारा गृहस्थ आला. "अक्का, मुलाच्या आईला विचारल्याबिगर सुपारी कशी फोडायची? वैशाखात लग्न धरू. पोरीच्या बापाची अट एकच, सवतीवर पोर देणार नाही. चैत्रापर्यंत आताची बायको घरात नसेल, असं सुकदेवभाऊ बोललेत. माहेरी धाडताय ना तिला?"

वच्छलाबाईंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

संध्याकाळी सुकदेव घरी आला, तेव्हा वच्छलाबाई प्रवासाच्या ट्रंकेतून सुनेची लुगडी काढून आपली भरत होत्या.

"जामनेरचा माणूस येऊन गेला," त्या म्हणाल्या. "दुसरं तिकीट माझ्या नावाचं कर. शेवंता इथंच राहील. मी तापीकाठची आहे सुकदेवा, मला पोहता येतं. तुला येत नाही."