जळकुटा शेजारी

"लंडनवाले खूश आहेत! त्यांच्या अचकटविचकट कार्टूनमधला जळकुटा शेजारी फार जिवंत झालाय म्हणे." सरांनी सांगितलं आणि पुण्यातल्या आमच्या अख्ख्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने तो शेजारी काढणाऱ्या केतकीसाठी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दात-ओठ खात.

लोकांच्या खिडकीखाली जाऊन पादणारा माणूस काढायला अक्कल लागते होय? इथे मी वर्षानुवर्षं घासतोय आणि कौतुक कालच्या पोरीचं!

"त्याचा तो वाकडा ओठ कुठून गं सुचला?" मी गोड हसत विचारलं.

चित्रातला चेहरा आधी स्वतः करून बघायला आमच्या प्रत्येकाच्या टेबलावर आरसा असतो. केतकी खुर्चीतून उठली. "इथे बसून बघा ना, दादा."

मी बसलो. आरसा तिरका करून ठेवलेला; त्यात मी नव्हतोच. मागचं टेबल दिसत होतं, माझं, आणि माझी रिकामी खुर्ची.