धूसर न होणारा पट्टा

तुंगार्लीच्या वाचनालयात दुपारी कुत्रंही फिरकत नाही, म्हणून ग्रंथपाल रजनीताईंनी फुकटच्या व्हिडिओ कॉलवर वाचनकट्टा सुरू केला. मागची गंजकी कपाटं दिसायला नकोत, म्हणून ॲपमधलं बटण दाबलं. त्यानं माणूस तेवढा स्पष्ट राहतो, बाकी सगळं धूसर होतं.

तरी दोन कपाटांमधला, माणसाएवढा उभा पट्टा स्पष्टच राहिला. तिथल्या भिंतीचे पोपडेसुद्धा दिसत होते.

"केशवभाऊ, हा तुमचाच चावटपणा!" ताई म्हणाल्या. मागच्या कॉलला कट्ट्यावरच्या याच गृहस्थानं स्क्रीनवर स्वतःचं नाव 'कपाटातली वाळवी' ठेवलं होतं.

"आईशप्पथ ताई, मी वराळ्यात घरी चहा पितोय. ॲपला तिथं माणूस दिसत असेल."

"कुठला माणूस? मी एकटीच आहे, दार आतून लावलंय."

त्यांनी वळून पाहिलं. नुसती भिंत. हसतच त्या पुन्हा स्क्रीनकडं वळल्या.

केशवभाऊ हसत नव्हते. "ताई, उठा. आत्ताच्या आत्ता बाहेर पडा."

मागची भिंत आता पूर्ण धूसर झाली होती. तो स्पष्ट पट्टा ताईंच्या खुर्चीला येऊन चिकटला होता, आणि त्यांच्या कानाशी वाकत होता.