गुळणी

बाईंच्या नोंदीवर लाल रेघ मारलेली होती. ‘गार्गल : गुळण्या करणे’ खोडून संपादकांनी वर ठसठशीत लिहिलं होतं, ‘कंठप्रक्षालन’. बाईंनी शोधून दिलेलं शब्दाचं मूळही उडवलं होतं. घशासाठीचा जुना फ्रेंच शब्द, तो घशातल्या खळखळीवरून आलेला. जुन्या चर्चच्या छपरावरून पावसाचं पाणी लांब फेकणारी दगडी तोंडं, ‘गार्गॉइल’, तीही त्याच शब्दाच्या घरातली.

शब्दकोशाचं हे पान दुपारी छापायला जाणार होतं. आणि बाईंचा आवाज पार बसला होता. पंधरा दिवसांत एक अक्षर जरी बोललात तर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. संपादकांना हे पक्कं ठाऊक होतं.

“गुळण्या हा मोरीतला शब्द,” ते कोश समितीच्या बैठकीत म्हणाले. “कोशात शोभत नाही. कुणाचा आक्षेप?”

बाईंनी हात वर केला.

“आक्षेप बोलून नोंदवायचा असतो, बाई. नियम आहे.”

समितीतले चौघे कागद चाळत राहिले. कालच जिन्यात एकेकानं बाईंना गाठून ‘आम्ही तुमच्याच बाजूचे’ म्हटलं होतं. काय जाळायची आहे असली बाजू!

बाईंनी पिशवीतून मिठाच्या पाण्याची बाटली काढली. घोटभर पाणी तोंडात घेतलं, मान मागे टाकली आणि भर बैठकीत सुरू केलं. खळखळ खोलीभर घुमली. संपादकांचं लाल पेन हवेतच थांबलं.

“अगं बाई! गुळण्या करताय होय?” चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मावशी दारातूनच म्हणाल्या. “करा, करा. घसा मोकळा होतो.”

“मावशी, बाहेर थांबा!” संपादक ओरडले. “आणि बाई, तुम्ही ते पाणी गिळा आधी.”

बाईंनी या खोलीत आजवर पुष्कळ गिळलं होतं. त्यांनी संपादकांचा रिकामा कप पुढे ओढला आणि तोंडातलं पाणी त्यात टाकलं.

आवाज फाटका निघाला, पण निघाला.

“‘तोंडात गुळणी धरून बसणं’,” त्या चौघांकडे बघत म्हणाल्या, “ह्याचं काय करायचं, सर? तोंडात कंठप्रक्षालन धरून बसणं?”

टेबलाच्या टोकाला कुणीतरी घसा खाकरला. मग दुसऱ्यानं.