रिव्हर्स नसलेली गाडी

“अगं, गल्लीत घालू नको! पुढून बंद आहे ती!”

रतिलालचं वाक्य पुरं व्हायच्या आत भूमिकाने गाडी गल्लीत घातली. देवपुरातली ती अरुंद गल्ली एका भिंतीला जाऊन टेकत होती, आणि भिंतीच्या अलीकडचं घर ललितचं. तेच बघायला आईबाप आणि लेक, तिघं जळगावहून धुळ्याला आले होते. ललित मुलगी बघून गेला होता, सूर जुळला होता. भूमिकाचा होकार तेवढा बाकी होता.

आणि गाडीला रिव्हर्स नव्हता.

गाडी म्हातारी. दुसरा गियर हाताने दाबून धरावा लागे, नाहीतर चढावर निसटे. हँडब्रेकचा भरवसा नाही म्हणून चाकाला लावायला मंदाबाईच्या पायाशी कायम एक दगड. रिव्हर्स तर वर्षभर पडलाच नव्हता. पण हात आखडता असलेल्या माणसाला युक्त्या फार सुचतात. रतिलाल कुठल्याही लग्नाला गेला तरी मांडवापासून लांब, तोंड रस्त्याकडे करून गाडी लावी. जळगावात पिंप्राळ्याला घरी आलं की तिघं मिळून ती उलटी ढकलत फाटकात घालत. “माणसाने मागे जायचंच कशाला?” हे वर त्याचं तत्त्वज्ञान.

त्याचा गुडघा क्लचवर कुरकुरायला लागल्यापासून गाडी भूमिकाच चालवी. तिला गाडीचे सगळे नखरे पाठ. गुरुवारी तर नुसती हवा भरायला म्हणून नेली आणि अख्खी दुपार तिच्यापायी घालवली. एवढी काळजी घेणारी पोरगी आज नेमकी बंद गल्लीत शिरली! आणि त्याने फोनवर ऐटीत सांगून ठेवलेलं, “आम्ही आपल्या गाडीने येऊ. एकदम ठणठणीत आहे!”

पोहे झाले, चहा झाला. रतिलालची नजर सवयीने पाण्याच्या टाकीवरून जिन्यावर, जिन्यावरून नव्या खिडक्यांवर फिरत होती, पण हिशेब काही लागेना. जीव गल्लीत अडकलेला.

“तुम्ही बसा हो आत, उन्हात कशाला येता?” निघताना त्याने चारदा सांगून पाहिलं. पण पाहुण्याला गाडीपर्यंत सोडायला अख्खं घर आलं. घराबरोबर शेजारही आला.

भूमिका स्टिअरिंगवर बसली, काच खाली केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हिला रिव्हर्स नाही. ढकलावी लागेल.”

रतिलालने वर आभाळाकडे पाहिलं, जणू ती घोषणा तिकडूनच झाली होती.

“बठ्ठी गल्ली देखी राह्यनी,” मंदाबाई पुटपुटली. घाबरली की तिला माहेरची अहिराणी आठवे, आणि आता तर सगळी गल्ली बघत होती. दगड पदराआड धरून ती गाडीतून खाली उतरली.

ललितचे वडील तोताराम फोनमध्ये मेकॅनिकचा नंबर शोधू लागले. त्याचे काका पंडित मात्र दार उघडायलाच पुढे सरसावले. “पोरी, तू उतर. गल्ली अरुंद आहे. गडीमाणसाला बसू दे.”

भूमिका हलली नाही. ती ललितकडे बघत होती.

ललितने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या. “काका, गाडी त्यांची आहे. आपण फक्त ढकलायची.” मग पुढे येऊन त्याने बॉनेटवर दोन्ही हात टेकले आणि काचेतून तिला म्हणाला, “तुम्ही सांगा. थांबा म्हटलं की थांबतो.”

“हळू. डावीकडे गटार आहे.”

“हळूच चाललंय. जड आहे हो तुमची गाडी!”

“आई बसलीय ना मागे.”

“मी खाले उतरेल शे वं!” मंदाबाई दगड उंचावून ओरडली आणि सगळी गल्ली खदखदली. शेजारच्या दोघांनी हात लावला. पंडितकाका “उजवीकडे काप, उजवीकडे!” म्हणून ओरडत राहिले. ललितचं लक्ष काचेपलीकडून हलेना. गल्लीच्या तोंडाशी भूमिका “थांबा!” म्हणाली आणि तो जागच्या जागी थांबला. शर्टावर धुळीचे दोन काळे पट्टे, घामाने थबथबलेला, आणि हसत होता.

एरंडोल येईपर्यंत रतिलाल धुसफुसत होता. मग एकदम फुटला, “गेलं स्थळ! ज्याने आपल्या दारात आलेल्यांची गाडी ढकलली, तो पोरगा जन्मभर विसरेल का? लाज काढलीस तू.”

भूमिका दुसरा गियर दाबून धरत नुसती हसली.

पिंप्राळ्यात उन्हं कलली होती. फाटकापाशी गाडी थांबली. सवयीप्रमाणे रतिलाल उतरला, बाह्या सरसावून त्याने बॉनेटवर हात ठेवले. मंदाबाई दगड घेऊन तयार.

“आबा, हात काढा.”

खटकन आवाज झाला. मागचा पांढरा दिवा लागला. गाडी आपली आपण मागे सरकली आणि अलगद फाटकात शिरली. रतिलालचे दोन्ही हात हवेतच राहिले.

“गुरुवारीच बसवून घेतला रिव्हर्स,” भूमिका म्हणाली. “आता धुळ्याला फोन लावा. माझा होकार कळवा.”