कापश्याची वेणीफणी

जीप दुकानासमोर थांबली तेव्हा नीलाबाई पायरीवर बसून कापश्याच्या पोटाखालचे केस विंचरत होती. उमापूरच्या सुंदररावांची ती जीप गेवराईत कुणालाही ओळखू आली असती. नीलाबाईनेही ती ओळखली. फणी मात्र तिने चालूच ठेवली. आता कुत्रं घेऊन आत पळणं म्हणजे आपणहून चोरी कबूल करण्यासारखं होतं.

तिचे यजमान चन्नप्पा यांचं हे किराणा दुकान बाजार समितीच्या वाटेवर. कापसाच्या गाड्या, ट्रॅक्टर, पुढाऱ्यांच्या जीपा, सगळं याच पायरीसमोरून जायचं. त्या साऱ्यांनी नीलाबाईला वर्षानुवर्षं सकाळी कुत्रं विंचरताना पाहिलं होतं. आधीचं एक कुत्रं चांगलं म्हातारं होऊन गेलं, त्याचीही अशीच निगा होती. स्वतःच्या डोक्याला तेल नाही आणि कुत्र्याची वेणीफणी बघा, म्हणून लोक हसायचे. ती आपली फणी फिरवत राहायची.

कापश्या दिवाळीनंतर एका सकाळी इथेच आढळला. तेव्हा त्याला कापश्या म्हणायची सोय नव्हती. अंगभर जटा, जटांवर हळदीचा पिवळा थर, आणि जवळ जावं तर कुजका वास. हायवेवरच्या एखाद्या ट्रकमधून पडला असेल, असं तिला वाटलं. तिने कात्री घेतली. जटांखालची कातडी लाल, ओली आणि गोचिडांनी भरलेली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर किडे पडले असते, असं जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. त्यांनी औषध दिलं आणि रोज विंचरायला सांगितलं. हे तिला सांगायची गरज नव्हती. दुकानात नुकत्याच माळांनी लटकू लागलेल्या शाम्पूच्या पुड्या ती खुशाल तोडू लागली आणि चन्नप्पांनी तिकडे काणाडोळा केला.

उलगडा झाला तो पुढच्या आठवडी बाजारात. सुंदररावांच्या घरचं देवाचं कुत्रं हरवलंय, असं गिऱ्हाइकं बोलत होती. त्यांच्या मुलाने, विजयसिंहाने, पुण्याहून लांब केसांचं पिल्लू आणलं, हौसेने चार दिवस खेळवलं आणि विसरला. केसांच्या गाठी झाल्या, गाठींच्या जटा. दारी आलेल्या एका वाघ्याने सांगितलं, ही खंडोबाची खूण आहे, हिला लोखंड लावायचं नाही. सुंदररावांच्या पत्नी छबुबाईंनी ते मनावर घेतलं. दर रविवारी त्या कुत्र्यावर भंडारा उधळायच्या आणि त्याच्या पाया पडायच्या. त्याच साली विजयसिंह पंचायत समितीवर निवडून आला. मग तर त्या कुत्र्याजवळ फणी न्यायची कुणाची टाप राहिली नाही. खुद्द सुंदररावांचीही नाही म्हणे.

देवाच्या कुत्र्याच्या जटा आपण चुलीत घातल्या, हे कळल्यावर नीलाबाईला घाम फुटला. एक तर पुढाऱ्याचं घर, वर देवाचा कोप. चन्नप्पा म्हणाले, देऊन टाक. पण परत गेलं की ते पुन्हा त्याच जटांत सडणार, हे तिला लख्ख दिसत होतं. शिवाय तिचा त्याच्यावर जीव जडला होता. द्यायचं नाही, ती म्हणाली. गळ्यात लिंग आहे, मी खोटं बोलणार नाही, असं चन्नप्पांनी बजावलं. फार तर गप्प बसेन.

त्याप्रमाणे आता ते तराजूशी गुळाची ढेप घेऊन गप्प बसले होते.

छबुबाई जीपमध्येच थांबल्या. सुंदरराव एकटे उतरून आले. कापश्या उठला आणि शेपूट हलवत त्यांच्या धोतराशी घुटमळू लागला. नीलाबाईने पट्टा धरून त्याला मागे ओढलं.

"कुणालाबी शेपूट हलवतंय ते, पाटील."

सुंदररावांनी नुसती मान डोलावली. कुत्रं कधीपासून आहे, विचारलं. पिल्लू होतं तेव्हापासून, असं तिने ठोकून दिलं. चन्नप्पा ढेपेकडे बघत राहिले.

"रोज विंचरता?"

"रोज. दोन दिस सोडलं की गाठी व्हतात. गाठीखाली घाम मुरतो, वारा लागत न्हाई. मग गोचीड बसती अन् कातडी सडती." बोलता बोलता तिचा आवाज चढला. आपण कुणाला सुनावतोय हे ध्यानात येऊन ती थांबली.

"अन् पंजाच्या बेचक्यात?"

"तितं बी बघते."

पोरीचं स्थळ बघायला आलेल्या बापासारखे ते एकेक विचारत गेले. नखं कोण काढतं, अंघोळ कधी घालता, उन्हाळ्यात केस बारीक करता का. हा माणूस आपल्याला बोलण्यात पकडतोय, अशी तिची खात्री झाली. ती तोलूनमापून उत्तरं देऊ लागली. त्यांनी वाकून कुत्र्याच्या पाठीवरचे केस बोटांनी बाजूला केले आणि खालची गुलाबी कातडी बराच वेळ न्याहाळली.

"त्येच हाय का हो?" छबुबाईंनी जीपमधून विचारलं.

"न्हाई," सुंदरराव मोठ्याने म्हणाले. "आपलं जटांचं, पिवळं. ह्ये ह्येंच्या घरचं हाय."

छबुबाईंनी त्या पांढऱ्याशुभ्र कुत्र्याकडे दुरून एकदा पाहिलं, देवाचं नाव घेतलं आणि तोंड फिरवलं. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं.

नीलाबाईचा जीव भांड्यात पडला. एवढा मोठा पुढारी आणि धुतल्यावर घरचं कुत्रं ओळखू येत नाही, याचं तिला आतून हसूही आलं.

सुंदररावांनी कापराची वडी मागितली. चन्नप्पांनी ती कागदात बांधून दिली. ती खिशात टाकून ते निघाले आणि नीलाबाईजवळ आल्यावर जीपकडे पाठ करून चप्पल नीट करायला वाकले. आवाज इतका खाली होता की तिला कान द्यावा लागला.

"मी तुमच्या पायरीशी आणून सोडलं तवा त्येचा उजवा कान लई वास मारत व्हता, अक्का. आता बरा हाय का?"